आलेखाआधी फाइल: विज्ञानाचा डेटा कोडमधून वाचायचा आणि लिहायचा कसा

पायथनच्या मॅटप्लॉटलिब या आलेख काढायच्या लायब्ररीत रेघ काढायला एक ओळ पुरते, आणि ती ओळ कुठेही सापडते. नवख्याचा खरा वेळ जातो तो त्याच्या आधी. कुठूनतरी मिळालेली फाइल उघडायची, तिच्यातले आकडे नीट उचलायचे, आणि आपलं काम झाल्यावर ते पुन्हा अशा फाइलीत ठेवायचं की सहा महिन्यांनी आपल्यालाच ती परकी वाटू नये. यातलं टाइप करण्याचं काम थोडंच आहे. कुठला रकाना कशाचा, एकक कोणतं, नोंद नसेल तिथे काय लिहिलंय, तारीख नेमक्या कुठल्या वेळेची, हे संकेत समजून घेण्यातच बहुतेक मेहनत जाते. पायथनला आकडे कळतात, हे संकेत कळत नाहीत. ते तुम्हीच सांगायचे.

म्हणून या लेखात दोन खऱ्या फाइली घेतल्या आहेत. एक हवाई बेटावरच्या मौना लोआ वेधशाळेची, साध्या मजकुराची. दुसरी पुण्याहून प्रसिद्ध होणारी भारताच्या पावसाची, बायनरी, म्हणजे मजकूर नसलेली, आकडे थेट बाइटांत ठेवलेली. पायथनमधली यादी, लूप, फंक्शन एवढं येतं असं धरलंय. नम्पाय (आकड्यांच्या रांगांसाठी), पांडाज (तक्त्यांसाठी) आणि मॅटप्लॉटलिब या लायब्ररी बसवून घ्या. फंक्शनांची नावं इथे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत लिहायची, आणि नावात जोडरेघ दिसली तर तिथे अंडरस्कोर टाकायचा. फाइलींतले अंकही मी देवनागरीत लिहिलेत, मूळ फाइलीत ते इंग्रजी आहेत.

पायरी पहिली: फाइल आधी डोळ्यांनी बघा

कोड लिहिण्याआधी फाइल नोटपॅड किंवा व्हीएस कोडसारख्या साध्या एडिटरमध्ये उघडा. एक्सेलमध्ये नको. एक्सेल फाइल दाखवत नाही, स्वतःला समजलेली फाइल दाखवतं. ‘३-४’ असं लिहिलेलं दिसलं की त्याची तारीख करतं, आकड्याच्या सुरुवातीची शून्यं खातं, आणि चुकून सेव्ह केलं की मूळ मजकूर गेलाच. हा त्रास जनुकशास्त्रात इतका वाढला की मानवी जनुकांना नावं देणाऱ्या समितीने २०२० मध्ये नव्या नियमांबरोबर काही जनुकांची नावंच बदलली. ‘मार्च१’ नावाच्या जनुकाची एक्सेल १ मार्च करून टाकायचं, म्हणून ते आता ‘मार्चएफ१’ झालंय. सॉफ्टवेअर बदलेना, तेव्हा शास्त्रज्ञांनीच नमतं घेतलं.

एडिटरमध्ये काय बघायचं? वर टिपेच्या ओळी आहेत का, त्या कुठल्या चिन्हाने सुरू होतात, रकाने जागेने तोडलेत की टॅब, स्वल्पविराम, अर्धविरामाने. दशांशासाठी टिंब आहे की स्वल्पविराम, कारण जर्मनीहून आलेल्या फाइलीत ‘३१५,७१’ हा एकच आकडा असतो आणि रकाने अर्धविरामाने तोडलेले असतात. मग थेट तळाशी जा. फाइलीच्या शेवटच्या ओळींत बऱ्याचदा बेरीज, सरासरी किंवा अर्धवट तुटलेली ओळ असते आणि ती वरून दिसत नाही.

उघडल्यावर नुसती विचित्र चिन्हं दिसली तर फाइल बायनरी आहे. नावाच्या शेवटी काय लिहिलंय त्यावर फार विसंबू नका. पहिल्या काही अक्षरांत ‘एचडीएफ’ दिसलं तर एचडीएफ-५, अगदी सुरुवातीला ‘सीडीएफ’ दिसलं तर जुन्या धाटणीची नेटसीडीएफ. विज्ञानातला डेटा त्याच्या माहितीसकट ठेवायचे हे दोन प्रचलित फाइल-प्रकार. यातलं काहीच दिसलं नाही तर ती नुसत्या आकड्यांची रांग असू शकते. तिच्याकडे पुढे येऊच.

पायरी दुसरी: मौना लोआची फाइल वाचू

चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी मार्च १९५८ मध्ये मौना लोआवर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली. ते स्क्रिप्स या समुद्रविज्ञान संस्थेचे. अमेरिकेच्या नोआ या सरकारी संस्थेने तिथेच १९७४ पासून स्वतःची मोजणी सुरू केली, आणि दर महिन्याच्या सरासरीची फाइल नोआच्या साइटवर कुणालाही उतरवून घेता येते. नवशिक्यासाठी याहून चांगली फाइल मला माहीत नाही. लहान आहे, जिवंत आहे, आणि डेटा फाइलीत असू शकणाऱ्या बहुतेक खोड्या तिच्यात आहेत.

वर हॅश चिन्हाने सुरू होणाऱ्या बऱ्याच टिपा आहेत. त्यानंतरची पहिली ओळ अशी:

१९५८  ३  १९५८.२०२७  ३१५.७१  ३१४.४४  -१  -९.९९  -०.९९

आठ रकाने. वर्ष, महिना, दशांशातलं वर्ष, महिन्याची सरासरी, ऋतूंचा चढउतार काढून टाकलेली सरासरी, किती दिवसांच्या नोंदी होत्या, त्या दिवसांमधलं प्रमाण विचलन, आणि महिन्याच्या सरासरीतली अनिश्चितता. एकक पीपीएम, म्हणजे दर दहा लाख रेणूंमागे किती.

तिसरा रकाना जरा थांबून बघण्यासारखा आहे. १९५८.२०२७ म्हणजे काय? जानेवारी-फेब्रुवारीचे ५९ दिवस, अधिक मार्चचे १५, म्हणजे ७४. चौऱ्याहत्तरला ३६५ ने भागा: ०.२०२७. म्हणजे महिन्याचा बिंदू महिन्याच्या मध्यावर ठेवलाय, एक तारखेवर नाही. तुम्ही वर्ष आणि महिना जोडून १ मार्च अशी तारीख बनवली तर सगळा आलेख पंधरा दिवस डावीकडे सरकतो. साठ-सत्तर वर्षांच्या रेघेत ते दिसत नाही, पण मे महिन्याचं वार्षिक शिखर दुसऱ्या ठिकाणच्या मोजणीशी ताडून बघताना दिसतं.

वाचणं अगदी सोपं. नम्पायच्या लोडटेक्स्टला फाइलीचं नाव द्या, बस. हॅशच्या ओळी ते आपोआप गाळतं आणि रिकाम्या जागांवर रकाने तोडतं. मिळालेल्या अरेचा (आकड्यांच्या तक्त्याचा) शेप, म्हणजे ओळी आणि रकाने किती ते, छापून बघा: दुसरा आकडा ८ आलाच पाहिजे, आणि पहिला म्हणजे मार्च १९५८ पासून आजवरचे महिने. तो बोटांवर मोजून जुळवा. मग आडव्या अक्षावर तिसरा रकाना, उभ्यावर चौथा. पायथन शून्यापासून मोजतं, म्हणून कोडमध्ये ते २ आणि ३.

आलेख सुंदर येतो. दरवर्षी एक दात असलेली, वर चढत जाणारी करवत. इथेच बरेच जण थांबतात.

आता शेवटच्या तीन रकान्यांकडे बघा. दिवस उणे एक कसे असतील? प्रमाण विचलन तर ऋण असूच शकत नाही. हे आकडे नव्हेतच, ‘माहिती नाही’ असं सांगायची ती खूण आहे. स्क्रिप्सच्या जुन्या वर्षांसाठी दिवसांची संख्या या फाइलीत नाही, म्हणून तिथे -१, -९.९९ आणि -०.९९ भरलंय. अनिश्चिततेचा रकाना तसाच त्रुटिरेषा म्हणून दिलात तर मॅटप्लॉटलिबच्या आताच्या आवृत्त्या ऋण आकड्याला नकार देतात. ते एका अर्थी बरं. सरासरी काढलीत तर मात्र कुणी टोकत नाही. १२, ०, ८ आणि -९९९ यांची सरासरी -२४४.७५ येते, आणि संगणक ती निमूट देतो.

उपाय: वाचल्यावर लगेच, त्या त्या रकान्यातली खूण शोधून तिथे नम्पायचा नॅन, म्हणजे ‘इथे आकडा नाही’ असं सांगणारी किंमत, ठेवायचा. ‘त्या त्या रकान्यातली’ यावर जोर आहे. सगळ्या फाइलीत -१ शोधून उडवू नका. दुसऱ्या कुठल्या फाइलीत तापमानाचा रकाना असेल तर उणे एक अंश हे खरंखुरं तापमान असतं. पांडाज वापरत असाल तर रीड-सीएसव्हीच्या एनए-व्हॅल्यूज या पर्यायाला डिक्शनरी देता येते, म्हणजे प्रत्येक रकान्याची खूण वेगळी सांगता येते. आणि शून्याला हात लावू नका. पाऊस पडला नाही आणि पाऊस मोजला नाही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नॅन आल्यावर तीन सवयी लावून घ्या. नम्पायची साधी सरासरी नॅनच देते, म्हणून नॅनमीन वापरायचं. नॅन स्वतःशीसुद्धा समान नसतो, म्हणून दोन बरोबरच्या चिन्हांनी तो सापडत नाही, इझनॅन वापरायचं. आणि आलेखात नॅनच्या जागी रेघ तुटते. ती तुटू द्या. नोंद नाही तिथे फट दिसणं हेच खरं चित्र आहे.

लोडटेक्स्टने टिपा गाळल्या खऱ्या, पण त्या टिपांत काय होतं? २०२२ च्या नोव्हेंबरअखेर मौना लोआचा उद्रेक झाला आणि तिथली मोजणी थांबली. डिसेंबर २०२२ पासून ४ जुलै २०२३ पर्यंतच्या नोंदी शेजारच्या मौना केआवरून घेतलेल्या आहेत. हे फाइलीच्या माथ्यावर लिहिलेलं आहे, आकड्यांच्या रांगेत त्याची काही खूण नाही. तसंच, २०२१ मध्ये नोआने मोजमापाची प्रमाणपट्टी बदलली, तेव्हा जुने आकडेही किंचित सुधारले गेले. म्हणजे २०१९ साली उतरवलेली फाइल आणि आजची फाइल शब्दशः जुळणार नाहीत, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. म्हणून टिपा फेकायच्या नाहीत. फाइल साध्या ओपनने उघडा, हॅशने सुरू होणाऱ्या ओळी एका यादीत गोळा करा, त्या वाचा, आणि तुमच्या निकालाच्या फाइलीत त्यातल्या कामाच्या ओळी उतरवा. कोड चार ओळींचा आहे.

पायरी तिसरी: सीएसव्ही, आणि आपल्याकडच्या खास अडचणी

रकान्यांना नावं असतील, मजकूर आणि आकडे मिसळलेले असतील, तारखा असतील, तर लोडटेक्स्टशी झगडू नका, पांडाजकडे जा. मधला एक पर्याय नम्पायचं जेनफ्रॉमटेक्स्ट. ते रिकामे रकाने चालवून घेतं, पण जरा संथ आहे आणि न समजलेल्या मजकुराच्या जागी गुपचूप नॅन ठेवतं. मला ही गुपचूप वृत्ती आवडत नाही. आरडाओरडा करणारं लोडटेक्स्ट परवडलं.

पांडाजला टिपेचं चिन्ह हॅश आहे असं सांगितलंत की ते चिन्ह ओळीत कुठेही आलं तरी पुढचा भाग कापतं. नमुन्याच्या नावात हॅश असेल, जसं ‘नमुना#३’, तर ‘नमुना’ एवढंच उरतं आणि त्यापुढचे रकाने रिकामे. अशा वेळी टिपेचं चिन्ह सांगायचं नाही, वरच्या किती ओळी सोडायच्या ते स्किपरोजमध्ये सांगायचं.

वाचून झाल्यावर सर्वांत आधी डीटाइप्स, म्हणजे प्रत्येक रकान्याचा प्रकार, छापा. जो रकाना आकड्यांचा असायला हवा तो ‘ऑब्जेक्ट’ किंवा मजकूर म्हणून आला असेल, तर त्यात कुठेतरी एखादं ‘नाही’, एखादी जास्तीची जागा, किंवा लाखाचा स्वल्पविराम लपलेला आहे. ‘१,२५,०००’ हे आपल्याला सव्वा लाख दिसतं. अवतरणात नसेल तर सीएसव्हीच्या नियमाने ते तीन वेगळे रकाने.

मराठी नावं असलेल्या फाइलींची एक ठरलेली खोडी आहे. एक्सेलमधून ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ म्हणून सेव्ह केलेल्या फाइलीच्या अगदी सुरुवातीला एक न दिसणारं चिन्ह असतं. पहिल्या रकान्याचं नाव तुम्हाला ‘दिनांक’ दिसतं, पण ‘दिनांक’ मागितलं की असा रकानाच नाही म्हणून उत्तर येऊ शकतं. वाचताना एन्कोडिंग ‘यूटीएफ-८-सिग’ द्या (इथे मात्र जोडरेघच, अंडरस्कोर नाही). उलट बाजूनेही तेच: पायथनने साध्या यूटीएफ-८ मध्ये लिहिलेली देवनागरी सीएसव्ही दोनदा क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली की अक्षरांचा चिवडा होतो. फाइल कार्यालयात कुणाला पाठवायची असेल तर लिहितानाही हेच एन्कोडिंग वापरा.

आणि एक गंमत. पायथनचं स्वतःचं फ्लोट हे फंक्शन देवनागरी अंक ओळखतं. ‘३१५.७१’ ही देवनागरीतली अक्षरं त्याला दिली तर खरा आकडा मिळतो. जुन्या मराठी तक्त्यांवरून टंकलेला डेटा असेल तर रकाना मजकूर म्हणून वाचा आणि मग एकेका किमतीवर फ्लोट चालवा. कोडमध्ये थेट देवनागरी अंक लिहिले तर मात्र पायथन चूक दाखवतं.

तारखांबद्दल थोडक्यात. ०३/०४/२०२१ ही आपल्याकडे ३ एप्रिल, पांडाजच्या मूळ समजुतीत ४ मार्च. डेफर्स्ट हा पर्याय आहे, पण त्याहून चांगलं म्हणजे तारखेचा साचा स्पष्ट लिहून देणं, म्हणजे न जुळणारी तारीख आली की लगेच कळतं. स्वतः लिहिताना वर्ष-महिना-दिवस हाच क्रम ठेवा.

पायरी चौथी: पुण्याची पावसाची जाळी

भारतीय हवामान विभागाच्या पुणे कार्यालयाकडून देशाच्या दैनंदिन पावसाचा जाळीचा डेटा मिळतो. १९०१ पासून, दर वर्षाची एक फाइल, पाव अंशाच्या जाळीवर, म्हणजे अक्षांश-रेखांशाच्या दर पाव अंशावर एक बिंदू. तोच डेटा नेटसीडीएफमध्येही मिळतो, पण आपण मुद्दाम बायनरी फाइल घेऊ, कारण तिच्यात माथा नाही, नाव नाही, तारीख नाही. फक्त चार-चार बाइटचे आकडे, एकामागून एक. सगळे संकेत फाइलीबाहेर आहेत.

ते संकेत असे. अक्षांश ६.५ ते ३८.५ उत्तर, पाव अंशाच्या अंतराने १२९ ओळी, दक्षिणेकडून उत्तरेकडे. रेखांश ६६.५ ते १०० पूर्व, १३५ स्तंभ. प्रत्येक दिवसाची एक जाळी, १ जानेवारीपासून. नोंद नाही तिथे -९९९. एकक मिलिमीटर.

वाचायच्या आधी फाइलीचा आकार बघा. १२९ गुणिले १३५ म्हणजे १७,४१५ बिंदू, प्रत्येकी चार बाइट, ३६५ दिवस: २,५४,२५,९०० बाइट. लीप वर्षाची फाइल २,५४,९५,५६० बाइटची. तुमची फाइल यापैकी एका आकड्याशी तंतोतंत जुळली नाही तर डाउनलोड अर्धवट आहे किंवा फाइल वेगळ्याच जाळीची आहे. पुढे जाण्यात अर्थ नाही. माथा नसलेल्या फाइलीची याहून खात्रीची तपासणी नाही, आणि ती फुकट आहे.

नम्पायच्या फ्रॉमफाइलला प्रकार ‘फ्लोट३२’ सांगा. लांबच लांब एक रांग मिळेल. मग रीशेप: दिवस, १२९, १३५. क्रम हाच. १३५ आधी आणि १२९ नंतर दिलंत तरी नम्पाय तक्रार करत नाही, कारण गुणाकार तोच. नकाशा काढला की मात्र भारताच्या जागी तिरपे पट्टे दिसतात. तिरपे पट्टे दिसले की समजावं, ओळ आणि स्तंभ उलटे झालेत. देश ओळखीचा पण डोक्यावर उभा दिसला, म्हणजे कन्याकुमारी वर आणि काश्मीर खाली, तर आकडे ठीक आहेत, फक्त मॅटप्लॉटलिबच्या इमशोला ओरिजिन ‘लोअर’ सांगायचं राहिलंय. आकडेच अतिसूक्ष्म किंवा अवाढव्य आले तर बाइटचा क्रम उलटा वाचला जातोय.

आता महाबळेश्वर शोधू. अक्षांश साधारण १७.९२, रेखांश ७३.६६. जवळचा जाळीबिंदू १८.० आणि ७३.७५. अक्षांशाचा क्रमांक: १८.० वजा ६.५, भागिले ०.२५, म्हणजे ४६. रेखांशाचा: ७३.७५ वजा ६६.५, भागिले ०.२५, म्हणजे २९. तेव्हा अरेमध्ये दिवस, ४६, २९. चुकून २९, ४६ लिहिलंत तर तुम्ही १३.७५ उत्तर, ७८.० पूर्व इथे पोचता. कर्नाटकातल्या बागेपल्लीच्या आसपास, कोरड्या मुलखात. आकडे येतात, आलेख येतो, मान्सूनचा उंचवटासुद्धा दिसतो, फक्त महाबळेश्वरला इतका कमी पाऊस कसा असा प्रश्न पडायला हवा. म्हणून चाचणीसाठी असं ठिकाण निवडावं ज्याचं उत्तर आपल्याला आधीच ढोबळमानाने माहीत आहे. महाबळेश्वर त्याला उत्तम. जुलैत तिथे कोरडं निघालं तर दोष तुमच्या कोडचा.

दिवस कुठून कुठवर हा संकेत सगळ्यात जास्त फसवतो. आपल्याकडे पाऊस सकाळी साडेआठला मोजतात, आदल्या २४ तासांचा, आणि मोजणीच्या दिवसाची तारीख त्याला देतात. २६ जुलै २००५ मुंबईकर विसरणं शक्य नाही. त्या दिवशीचा सांताक्रूझचा ९४४ मिमी पाऊस नोंदीत २७ जुलैला आहे, कारण तो २७ च्या सकाळी साडेआठला मोजला गेला. २००५ हे लीप वर्ष नाही, २७ जुलै हा वर्षाचा २०८ वा दिवस, पायथनमध्ये क्रमांक २०७. क्रमांक २०६ काढून ‘२६ जुलैला तर काहीच नाही, डेटा खोटा आहे’ असा निष्कर्ष काढायला वेळ लागत नाही.

२०७ काढूनही ९४४ मिळणार नाही. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला ७३-७४ मिमीच्या आसपास पाऊस झाला होता. कुलाबा आणि सांताक्रूझ या दोन्ही केंद्रांना सर्वांत जवळचा जाळीबिंदू एकच आहे: १९.० उत्तर, ७२.७५ पूर्व. जाळीवरचा आकडा आजूबाजूच्या केंद्रांवरून गणिताने काढलेला असतो, तो कुठल्याही एका केंद्राची नोंद नव्हे. त्यातून हा बिंदू अगदी किनाऱ्याशी आहे, तेव्हा तो -९९९ तर नाही ना हे आधी बघायचं, आणि असेल तर पूर्वेकडचा शेजारी घ्यायचा. ढगफुटीसारख्या घटनेसाठी केंद्राच्या नोंदी वापरा. जाळी महिन्याच्या, हंगामाच्या बेरजेसाठी.

हवामान विभागाच्याच कमाल-किमान तापमानाच्या बायनरी फाइली याच घरातल्या, पण रीत वेगळी. जाळी एक अंशाची, ३१ गुणिले ३१, आणि नोंद नसल्याची खूण ९९.९. इथे एक बारीक फास आहे. चार बाइटांत ९९.९ नेमका मावत नाही. तो आठ बाइटांत बदलला की ९९.९००००१५ च्या जवळपास होतो, आणि मग ‘९९.९ बरोबर’ अशी अट एकही जागा शोधत नाही. अट ‘९९ पेक्षा जास्त’ अशी लिहा. भारतात कुठेही तापमान ९९ अंशांवर जात नाही, त्यामुळे खरा आकडा उडण्याची भीती नाही. पावसाचा -९९९ पूर्णांक असल्याने नेमका मावतो, तरी तिथेही ‘शून्यापेक्षा कमी’ हीच अट सुटसुटीत.

नेटसीडीएफ मिळत असेल तर

घ्या. एक्सअरे या पायथन लायब्ररीने उघडा. अक्षांश, रेखांश, तारखा, एककं आणि नोंद नसल्याची खूण फाइलीतच असते, आणि एक्सअरे ती खूण स्वतःच नॅनमध्ये बदलतं. क्रमांक न मोजता ‘या अक्षांश-रेखांशाच्या जवळचा बिंदू दे’ असं सेल या फंक्शनला मेथड ‘निअरेस्ट’ देऊन सांगता येतं. फक्त छापून आलेला माथा एकदा वाचा. साडेआठचा मुद्दा तिथेही तुमच्याच डोक्यात ठेवावा लागतो.

पायरी पाचवी: स्वतःची फाइल लिहा

आता महाबळेश्वरच्या बिंदूचा वर्षभराचा पाऊस वेगळा काढलात. तो लिहायचा कसा? तीन-चारशे ओळींसाठी साधी मजकुराची फाइलच उत्तम: कुणालाही उघडता येते, आणि वीस वर्षांनीही उघडेल. माथा असा ठेवा:

# स्थळ: महाबळेश्वरजवळचा जाळीबिंदू, १८.०० उत्तर, ७३.७५ पूर्व
# मूळ: भारतीय हवामान विभाग, पुणे, दैनंदिन पाऊस, ०.२५ अंश जाळी
# दिवस: सकाळी ८:३० ते ८:३०, तारीख मोजणीच्या दिवसाची
# एकक: मिमी; नोंद नाही = नॅन
# उतरवल्याची तारीख, कोडच्या फाइलीचं नाव
# रकाने: वर्ष महिना दिवस पाऊस

नम्पायच्या सेव्हटेक्स्टला हा मजकूर हेडर म्हणून द्या. हॅश ते स्वतः लावतं, तुम्ही लावलंत तर दोन होतील. हेडर देवनागरीत असेल तर एन्कोडिंग ‘यूटीएफ-८’ सांगावंच लागतं. मूळ ठरलेलं एन्कोडिंग लॅटिन-१ आहे आणि त्यात ‘महाबळेश्वर’ बसत नाही. वाचतानाही तेच एन्कोडिंग द्या.

मग फॉरमॅट. काही न सांगता सेव्हटेक्स्ट ०.१ हा आकडा १.००००००००००००००००५६ गुणिले दहाचा उणे एक घात असा लिहितं. फाइल फुगते, डोळ्यांना वाचवत नाही, आणि इतक्या अचूकतेने पाऊस कुणी मोजलेला नसतो. वर्ष, महिना, दिवस पूर्णांकात, पाऊस एका दशांशापर्यंत, असा प्रत्येक रकान्याचा साचा वेगळा द्या. मधल्या गणितात मात्र असं गोल करू नका. मधले टप्पे नम्पायच्या स्वतःच्या एनपीझेड फाइलीत ठेवा, त्यात एक बाइटही बदलत नाही. पायथनच्या वस्तू जशाच्या तशा साठवणारा पिकल हा प्रकार टाळा. अनोळखी पिकल फाइल उघडणं म्हणजे अनोळखी कोड चालवणं.

फाइल ग्नूप्लॉट या आलेख काढायच्या दुसऱ्या प्रोग्राममध्ये वापरायची असेल तर हॅशच्या टिपा त्यालाही चालतात, पण रिकाम्या ओळींना तिथे अर्थ आहे. एक रिकामी ओळ आली की रेघ तुटते, दोन सलग आल्या की नवा डेटासंच सुरू होतो आणि तो इंडेक्सने वेगळा मागता येतो. हे उपयोगी आहे: दहा वर्षांचे दहा संच एकाच फाइलीत, मध्ये दोन-दोन रिकाम्या ओळी. नकळत पडलेली रिकामी ओळ मात्र आलेखात फट पाडते आणि कारण सापडत नाही. शिवाय ग्नूप्लॉट रकाने एकपासून मोजतं. पायथनमधला तीन क्रमांकाचा रकाना तिथे चार.

मूळ उतरवलेल्या फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि त्यांना फक्त-वाचा अशी परवानगी द्या. कोडने लिहिलेलं सगळं दुसऱ्या फोल्डरमध्ये. विंडोजवर मार्ग लिहिताना पुढे झुकलेली तिरकी रेघ वापरा किंवा पायथनचं पाथलिब घ्या. मागे झुकलेल्या रेघेपुढे ‘एन’ किंवा ‘टी’ आला की पायथन त्याला नवी ओळ किंवा टॅब समजतं, आणि ‘न्यू’ नावाच्या फोल्डरमधली फाइल सापडतच नाही.

फाइल लिहिली की त्याच कोडमध्ये ती लगेच परत वाचा आणि मूळ अरेशी नम्पायच्या ऑलक्लोजने ताडून बघा. इक्वल-नॅन ‘ट्रू’ ठेवा, नाहीतर नॅन असलेली प्रत्येक जागा वेगळी धरली जाईल. एका दशांशापर्यंत लिहिलं असेल तर निरपेक्ष फरकाची मुभा ०.०५ पेक्षा किंचित जास्त द्या. उत्तर ‘फॉल्स’ आलं तर आधी ओळींची संख्या बघा, मग नॅनची संख्या, आणि सर्वांत शेवटी आकडे.